हिरवी तार

तुमच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर काळा ठिपका होता, मिरीएवढा. तो मी कोणाला दाखवला नाही. डॉक्टर आले, छाती तपासली, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, फळीवरची तुमच्या प्रेशरच्या गोळ्यांची पट्टी उलटसुलट केली आणि हार्ट बंद पडले म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. तुम्हाला बाहेर नेण्याआधी तुमची बोटे मी एकेक करून मिटली.

ही गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक झाली आहे. मीच सांगितली. तुम्ही असता तर विश्वास ठेवला नसता. पाहुण्यांना चहा घेणार का एवढे विचारायचे झाले तरी मी दाराआडून तुम्हाला खूण करायची, आणि तुम्ही मुद्दाम मोठ्याने म्हणायचात, "ती काय म्हणता ता माका ऐकाक येना नाय!" मग सगळी हसायची आणि मी चुलीकडे पळायची.

परसातला फणस वादळात आडवा झाला तेव्हापासून सुरू करते. लोक म्हणाले, दारे करा. तुम्ही म्हणालात, याच्या स्पीकरच्या पेट्या करायच्या. "मृदंग फणसाचो, मग स्पीकर कित्याक नाय?" फळ्या दोन पावसाळे पडवीत सुकत पडल्या. पणजीच्या ऑफिसातून संध्याकाळच्या बसने आलात की शर्ट काढून तुम्ही रंधा घ्यायचात. पिवळ्या भुशाने सगळे घर माखले. जेवणात भुसा, अंथरुणात भुसा, आपल्या लेकीच्या, सुलूच्या वेण्यांत भुसा.

पेट्या उभ्या राहिल्या त्या माझ्या कमरेएवढ्या. आत अजून काही बसवले नव्हते, नुसती गोल भोके. तेव्हापासूनच मला त्यांची भीती वाटायची, हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही. दोन माणसे काहीतरी ओरडायला तोंड उघडून तशीच राहिली आहेत असे वाटायचे. तुम्ही पणजीला गेलात की मी त्यांच्यावर चादर टाकायची आणि तुमच्या बसच्या वेळेला काढायची.

पेटीत कापूस भरावा लागतो, नाहीतर आवाज आतल्या आत घुमतो, हे मला एका दुपारी कळले. उठून बघते तर गादी उसवलेली आणि तुम्ही तिच्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेले.

"ओ! ही माझी म्हायारची गादी!"

"मगे कापूस चांगलोच आसतलो. तुज्या आवशीन निवडून घातलेलो."

"आणि निजतला खंय?"

"चटयेर. गाणी ऐकत."

दिवाळीपर्यंत आपण चटईवर निजलो. माझ्या आईने वेचलेला कापूस अजून डाव्या पेटीत आहे. तांब्याच्या तारेचे वेढे मी गुंडाळले, मोठ्याने मोजत, कारण मोजताना तुम्ही गप्पा मारायचात आणि आकडा चुकायचात. चौथीपर्यंतच्या शाळेत मला आकडे तेवढे चांगले यायचे. वेढे चुकले नाहीत म्हणून तुम्ही मला "इंजिनेरीण" म्हणायला लागलात. दहावी-बारावी झालेल्या बायकांसमोर म्हणायचात. मला लाजही वाटायची आणि बरेही वाटायचे.

पण तुम्हाला माझे हात नको होते, माझे कान हवे होते. अ‍ॅम्प्लिफायर तुम्ही पत्र्याच्या डब्यात बसवला, टेपचे यंत्र दुसऱ्या डब्यात, आणि पहिल्यांदा सगळे लावले तेव्हा गाण्याच्या आधीच एक गुणगुण आली. भिंतीच्या आत माशी अडकल्यासारखी. तुम्हाला ती जेमतेम ऐकू यायची. डिचोलीचे शाबीबाब, तुमचे पेट्या बनवणारे दोस्त, दर रविवारी यायचे, त्यांना तर त्याहूनही कमी. मला मात्र विहिरीवरूनसुद्धा यायची. मग तुम्ही तारा इकडच्या तिकडे करायचात आणि गुणगुण अजून आहे का, म्हणून हाक मारायचात:

"आता गो?"

"आसा."

"खंय?"

"डाव्या पेटयेत. खाली."

"तुजे कान म्हणजे मांजराचे!"

एवढे कशासाठी, ते मला ठाऊक होते. तुमच्याकडे एक कॅसेट होती. तुम्ही सहा-सात वर्षांचे असताना गावातला कोणीतरी परदेशातून टेप घेऊन आला आणि देवळातले भजन त्याने भरून घेतले. तुमचे वडील गाताहेत. भजन संपते, झांजा खाली ठेवल्याचा आवाज होतो, आणि लांबून एक बाई दोन शब्द बोलते. ती तुमची आई. त्याच वर्षी ती गेली. तिचा एवढाच आवाज जगात होता, आणि तो गुणगुणीखाली बुडायचा. बाई बोलते एवढे कळायचे, काय बोलते ते नाही. तुम्ही कान पेटीला लावून बसायचात. पन्नाशी उलटलेला माणूस तसा बसलेला बघवत नसे.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार. तुम्ही मला समजावलेत की भिंतीतून तीन तारा येतात. त्यांतली हिरवी जमिनीत जाते. वीज चुकून बाहेरच्या पत्र्यावर आली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता त्या तारेने जमिनीत उतरते. आता आपल्याकडे डबे दोन, हिरव्या तारा दोन, आणि त्या दोघींच्या भांडणाची ही गुणगुण. तुम्ही प्लग उघडला आणि एक हिरवी तार कापलीत.

"आता गो?"

मी ऐकले. गुणगुण कमी झाली होती. खूप कमी. कोणालाही चालली असती.

"आसा," मी म्हटले. "बारीक. पण आसा."

तुम्ही दुसरीही कापलीत.

त्या "आसा"वर मी आता रोज परत जाते. खोटे बोलले असते तर काय बिघडले असते? पण तुम्ही माझ्याकडे असे बघत होता, जणू साऱ्या गावात खरे सांगणारी मी एकटीच. दुसरी तार कापली आणि खोली एकदम मोकळी झाली. तुम्ही कॅसेट लावलीत. भजन झाले, झांजा खाली ठेवल्या आणि तुमची आई स्वच्छ बोलली, जणू पडवीत उभी आहे.

"हात लाव नको रे बाबू, भाजात."

देवळात गॅसबत्ती असायची. तुम्ही तिच्याजवळ गेला असणार. तुम्ही रडलात, मी रडले, आणि कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली. त्या दिवशी आपण ती किती वेळा ऐकली! हात लाव नको रे बाबू. दोघांनी ऐकले आणि दोघांनाही त्यात फक्त माया ऐकू आली.

शाबीबाबना सांगायचे नाही, असे तुम्ही मला बजावलेत. ते विजेच्या बाबतीत कडक. पुढच्या रविवारी ते आले, डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "बाबू, इतको शांत सेट मी केदनाच ऐकूक नाय. कसा केलंस?" तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारलात. "आमच्या इंजिनेरणीक विचार." आणि मी पळाले चुलीकडे.

मुंग्या त्याच पावसाळ्यात आल्या. ओल्या फडक्याने डबा पुसत होते, मनगटापर्यंत झिणझिण आली. मी तुम्हाला बोलावले. तुम्ही टेस्टर लावलात, त्यात बारीक लाल उजेड दिसला. तुम्ही थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिलात. ते बघणे मला आठवते. मग म्हणालात, "काजव्यायेवढो उजेड. ह्येणा कोण मरत नाय." पण दुसऱ्या दिवशी पणजीहून निळ्या रबरी चपला घेऊन आलात. सेटाकडे जाताना पायांत घालायच्या, बस. कोपऱ्यात डब्याखाली त्या असायच्या. म्हणजे तुम्हालाही ठाऊक होते.

त्याच खोलीत आपला गणपती बसतो. गेल्या वर्षी चवथीला मी चपला बाहेर काढल्या, तुम्ही आत आणल्यात. मी काढल्या, तुम्ही आणल्यात. या वर्षी चवथीला तीन दिवस उरले होते. गणपतीच्या जागेवर, छताला माटोळीची लाकडी चौकट बांधून झाली होती, नारळ-सुपाऱ्या टांगायच्या बाकी होत्या. सकाळी मी सगळा कोबा पाण्याने धुऊन काढला आणि चपला पडवीच्या कठड्यावर नेऊन ठेवल्या.

"चपला खंय गो?"

"भायर. हय गणपती येतलो."

"गणपतीक सांग, ही चपला नाय, औषध आसा."

"मगे औषधूय भायर रवांदे. देवाक प्रेशर नाय."

तुम्ही हसलात. माझी थट्टा क्वचितच जमायची, म्हणून जास्तच हसलात.  न्हाणीकडे गेलात. तो वाद तिथेच राहिला.

मी नारळ खवत होते. तुम्ही आंघोळ करून आलात, ओल्या पायांनी, केसांतून पाणी गळत. माटोळी बांधताना वडिलांचे भजन हवे होते तुम्हाला. बटणाची खटकी ऐकू आली. मग गुणगुण. दोन वर्षे नसलेली गुणगुण, पण जाड, खालून उठणारी. मला दुसरे काही सुचले नाही. सवयीने मी आतूनच ओरडले:

"आसा! परत इली!"

"खंय?" असे तुम्ही विचाराल म्हणून मी थांबले. खवणीवर नारळ धरून थांबले. तुम्ही विचारले नाहीत.

पुढचे कसे केले कोण जाणे. माटोळीसाठी आणलेली काठी होती, तिने मी प्लग ओढून काढला आणि मगच तुम्हाला हात लावला. मग ओरडले. शेजारी आले तेव्हा प्लग जमिनीवर पडला होता आणि त्याच्याकडे कोणी बघितले नाही.

डॉक्टरांना का सांगितले नाही? तुम्हाला म्हापशाला नेऊन फाडतील, असे मी मनाला सांगितले. पण खरे कारण ते नव्हे. कान माझे होते. जमीन मी धुतली होती. चपला मी बाहेर ठेवल्या होत्या.

सुतक पडले. गावात सगळीकडे गणपती आले, आरत्या ऐकू येत होत्या, आणि आपल्या खोलीत रिकामी चौकट टांगलेली. तिच्याखाली त्या दोन पेट्या. मी त्यांच्यावर पुन्हा चादर टाकली आणि सेटासमोर चटई घालून बसले. कोणाला तिकडे फिरकू दिले नाही. बायका एकमेकींना म्हणत, बघ, नवऱ्याची वस्तू सोडवत नाही बिचारीला. मी राखण करत होते, पण नवऱ्याच्या वस्तूची नव्हे. त्या वस्तूपासून माणसांची.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. पुरुषमाणसे नदीवर गेली होती, मला मागाहून कळले. तुमच्या चुलतभावाने सांगितले, तुझ्या बायकोला सांभाळू. कावळा आला नाही. सुलूला माहेरपण कमी पडू देणार नाही. आला नाही. मग शाबीबाब पुढे झाले आणि म्हणाले, "बाबू, तुजो सेट बंद पडाक देवचंय नाय. तेराव्या दिसा वाजयतलंय. सगळ्यांच्या देखत." आणि कावळा आला.

शाबीबाब हे सांगताना रडत होते. ऐकून बायका रडल्या. मी चटई सेटाच्या आणखी जवळ ओढली.

पुढचे तीन दिवस मी कापलेल्या तारेसारखी होते. सुलूला म्हटले, नको वाजवूया, मला ऐकवणार नाही. ती म्हणाली, "आये, बाबांक शब्द दिलोसा." पक्कड घेऊन दोनदा प्लगापाशी गेले. वायर तोडली तर शाबीबाब नवी जोडतील. का तोडली म्हणून विचारतील. सांगितले तर तुमचे गुपित फुटेल, तुम्हाला मूर्ख म्हणतील, आणि माझ्याकडे बघतील. नाही सांगितले तर? मी असाही विचार केला की शाबीबाब जाणते, तेच आधी बघतील. मग मला तुमचे टेस्टरकडे बघणे आठवले. तुम्हीही जाणतेच होतात.

तेराव्याला जेवणे झाली. खोली माणसांनी भरली. पंगतीनंतर कोबा पुसून घेतला होता, अजून ओला होता. शाबीबाबनी चादर काढली, कॅसेट घातली, प्लग लावला, भिंतीवरचे बटण दाबले. सुलू उठली. "मी लावतंय. बाबांचो सेट आसा." अनवाणी. तिने तुमच्यासारखाच उजवा हात पुढे केला.

"हात लाव नको!"

खोलीत कोण ओरडले ते बघायला सगळी वळली. मीही वळले असते. माझ्या हातात वाढायचा डाव तसाच होता. सुलूचा हात डब्यापासून चार बोटांवर थांबलेला.

"हात लाव नको गो. त्या पत्र्यात करंट आसा. तुज्या बाबांका त्येणाच न्हेलो."

मग सगळे सांगितले. तार, दुसरी तार, माझे "आसा", मुंग्या, चपला, काळा ठिपका. खाली बघून नाही सांगितले. शाबीबाबनी बटण बंद केले, प्लग काढला, स्क्रूने उघडला. हिरवी तार मागे दुमडून काळी टेप गुंडाळलेली होती. तुमची सफाईची गुंडाळी. "बाबू, बाबू रे," एवढेच ते म्हणाले.

"दुसरीय तशीच आसा, शाबीबाब."

त्यांनी दोन्ही तात्पुरत्या पिळून जोडल्या. सगळ्यांना मागे सरायला लावले, पडवीतून कोणाच्या तरी चपला मागवून पायांत घातल्या, लाकडी पट्टीने बटण दाबले. खट्! मेन पडला. घरातली वीज गेली. वर पंखा हळू हळू फिरत थांबला, आणि तो पुरता थांबेपर्यंत सगळी त्याच्याकडेच बघत होती. हिरव्या तारा जोडलेल्या असत्या तर त्या दिवशीही असेच झाले असते. खट् झाले असते. तुम्ही दोन शिव्या घातल्या असत्या.

सुलू म्हणाली, "आये, तुका ठावक होता?"

"होय."

"आणि बाबांक म्हटलंस नाय?"

"म्हटलंय. एकदा."

"एकदाच?"

  तुम्ही तरी काय सांगाल? ती त्याच संध्याकाळी सासरी, लाटंबार्शाला गेली आणि पंधरा दिवस तिचा फोन आला नाही. बाकीच्यांनी मला दोष दिला नाही. नदीवर शब्द देणारे तुमचे चुलतभाऊ तर म्हणाले, वहिनी, आज तुमी पोरीक वाचयल्यात. मला ते ऐकून बरे वाटले नाही. एक ओरडणे माझ्यात होते, ते मी इतकी वर्षे पुरवून ठेवले, आणि तुमच्या वेळेला ते बाहेर आले नाही.

मागच्या रविवारी शाबीबाब नवा ट्रान्सफॉर्मर घेऊन आले. जुना जळका होता, ओल धरून आतून सुटलेला. मी नेहमीसारखी बॅटरी धरली. मग त्यांनी डाग द्यायची तापलेली सोल्डरची सळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हिरवे तारो आता तू पक्के जोड, वयनी." मी दोन्ही जोडल्या. 

दारात सुलू उभी होती. कधी आली कळले नाही. तिने कठड्यावरच्या निळ्या चपला आणल्या, एवढे दिवस पावसात भिजून त्यांचा रंग गेलेला, आणि डब्याखाली, त्यांच्या जागी ठेवल्या. मी वर माटोळीच्या चौकटीकडे बघितले. चपला तिथेच राहू दिल्या. तुम्ही जिंकलात.

शाबीबाबनी बटण दाबले आणि तुम्ही बघायचात तसे माझ्याकडे बघितले.

"आता, वयनी?"

"आसा."

"खंय?"

"दोनय पेटयांत."

"काढूया? तारो तोडल्याबगर काढूची रीत आसा, वेळ लागतलो."

"नको. रवांदे."

तुमचे वडील गायले. भजन संपले, झांजा खाली ठेवल्या. सुलू जाऊन डाव्या पेटीला कान लावून बसली, तुम्ही बसायचात तशी. "आजी बोलता ता खंय?" तिने विचारले. माझ्याशी बोललेला तेवढाच शब्द. मी बोट वर केले. आता. ती म्हणाली, गुणगुणच ऐकू येते. मला दोन्ही ऐकू येत होते.

सगळी गेल्यावर मी फडके ओले करून डबा पुसला. सेट चालू ठेवून, आणि चपला बाजूला सारून. तुम्ही रागावाल. आधी एका बोटाने, मग सगळा पंजा पत्र्यावर ठेवला. पेट्या गुणगुणत होत्या. मी बराच वेळ हात तसाच ठेवला. मुंग्या आल्या नाहीत.